दीड मोजा

पिनेगा नदीचा बर्फ परवा रात्री फुटला.
तोफ डागावी तसा आवाज, आणि तू, पुर्गा,
अकरा हिवाळे पचवलेली कुत्री,
बाकाखाली जाऊन बसलीस.
ओढून बाहेर काढलं तर हातात आली
मूठभर पांढरी लोकर.
झालं. आता कॅलेंडर पाहायला नको.

ये. पायरीवर ऊन आहे.
स्टुलावर मी, गोणपाटावर तू.
या फणीचे तीन दात गेलेत.
एक अव्हेर्यानने तुझ्या शेपटीत मोडला,
उरलेल्या दोघांचं तो कधी बोललाच नाही.

विंचरणं त्याचं, सूत काढणं माझं.
एकेचाळीस वर्षं हीच वाटणी,
तुझ्या आधीच्या चार कुत्र्यांपासून.
ऑगस्टमध्ये त्याने अंथरूण धरलं,
आणि तू अंग बदललंस तेव्हा
फणी खिळ्यालाच टांगलेली.
कबूल करते, मी बघितलंच नाही तुझ्याकडे.
आता कानांमागे हे गठ्ठे,
मांड्यांच्या झालरीत नमदा,
बूट शिवावेत इतका घट्ट.

शेजारच्या ग्लाफिराचा नातू शहरातून आलाय.
म्हणतो, आजी, मशीन फिरवतो,
दहा मिनिटांत मोकळी होईल.
म्हटलं, स्वतःच्या डोक्यावर फिरव आधी.
जूनमध्ये डासांचे ढग उतरतील,
तेव्हा हिने उघडी कातडी घेऊन कुठे जायचं?
वरचा राठ केस म्हणजे छप्पर, पोरा.
उन्हाळा आला म्हणून कुणी छप्पर उतरवत नाही.
आतली रजई तेवढी काढायची.
तो हसला, आणि चहा प्यायला निघून गेला.

गाठ ओढायची नाही.
कातडीलगत चिमटीत धरायची,
म्हणजे हिसका माझ्या बोटांना बसेल, तुला नाही.
चिमूटभर बटाट्याचं सत्त्व भुरभुरायचं,
मग टोकाकडून, जरा जरा आत.
हे सगळं तो तुला सांगत असायचा,
मी चुलीपाशी बसून ऐकायचे.
माझ्याशी इतकं हळू
कधी बोलला नाही हा माणूस.

सोमवारी पाठ. मंगळवारी छाती आणि मान.
बुधवारी पाऊस; ओल्या अंगाला फणी लावत नाहीत,
तेव्हा दोघी झोपलो.
गुरुवारी पोटाला हात लावला तर गुरगुरलीस.
माझ्यावर!
पोट फक्त त्याच्यापुढे उघडं टाकायचीस, माहीत आहे मला.
बरं, राहू दे.
दुखरी जागा मीसुद्धा
कोणाला दाखवत बसत नाही.

डाव्या कानामागची गाठ शेवटची.
सुटता सुटेना. शेवटी सुटली,
तर आत निळा धागा.

शेवटी शेवटी त्याचे हात गार पडायचे.
घरातसुद्धा हातमोजे लागायचे,
ते निळ्या पट्टीचे, तुझ्या लोकरीत
मेंढीची रंगवलेली लोकर मिसळून मीच विणलेले.
एक हात पलंगावरून खाली लोंबायचा
आणि तू बरोबर त्याखाली कान आणून ठेवायचीस.
रात्र रात्र.
मला वाटायचं, तू झोपलीयस.

धागा जपून वगैरे ठेवला नाही.
बाकीच्या लोकरीत टाकला, पिंजला.

अंगणात धोबी पक्ष्याची जोडी आलीय.
जमिनीवरचं पळवतात, टोपलीतलंही पळवतात,
आणि तू एक डोळा उघडून नुसती बघतेस.
कोणे एके काळी कोल्हा पळवला होतास तू.

नमदा फेकला, काडीकचरा निवडला,
उरलेलं माशांच्या काट्यावर तोललं:
ऐंशी ग्रॅम.
एक मोजा पुरा होईल, दुसरा टाचेपर्यंत.
बाकीचा तुझ्या पोटावर आहे.
घाई नाही मला.
तोवर एक पाय गरम ठेवते.